पळा की पाळा

गुरुवार, ८ ऑगस्ट २०२४. मोशी. श्रावण शुद्ध चतुर्थी. वीज सकाळी गेली ती चहाच्या वेळेला आली. नात पूर्वी जेवायला होती. अळूचं फदफदं दोनदा घेतलं. समोरच्या हिंदुरावांनी आपल्या काळजाचा आलेख आणून तिला दाखवला. तिला वाटलं कागद उलटा धरलाय. कागद सुलटाच होता. मंजुळाबाईंनी उद्याच्या नागपंचमीच्या दिंडांसाठी पुरणयंत्र नेलं.

एवढ्या नोंदीवरून कुणाला काही कळणार नाही, म्हणून हिंदुरावांविषयी नीट लिहून ठेवते.

ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे माणचे. असं सांगितलं की इथले लोक लगेच जागेचा भाव विचारतात, कारण त्यांना हिंजवडीजवळचं माण वाटतं. हिंदुरावांचं माण साताऱ्याकडचं. तिथे जागा भरपूर आहे आणि भाव विचारायला कुणी येत नाही. ते निघोज्याच्या एका कंपनीत क्वालिटीत आहेत. ही कंपनी ट्रकच्या स्प्रिंगमध्ये बसणाऱ्या पिना करते. पिन ठरल्यापेक्षा केसभर जाड निघाली की हिंदुराव ती लाल पेटीत टाकतात. केसभर बारीक निघाली तरी लाल पेटीतच. कंपनीत त्यांना सगळे मायक्रॉनभाऊ म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. भाजीवाल्याकडे ते लिंबं निवडायला लागले की मागची माणसं दुसरा गाडा बघतात. मंजुळाबाईंच्या भाकरीवर त्यांनी लग्नानंतर एकदाच पट्टी ठेवली होती. पुन्हा का ठेवली नाही, ते दोघंही सांगत नाहीत.

हिंदुराव पळतातही. वय सत्तावन्न, पण शिफ्टच्या आधी स्पाइन रोडला त्यांची फेरी चुकत नाही. मिशी पांढरी, पोटऱ्या पोरासारख्या.

या वर्षी त्यांच्या कंपनीने लडाखातल्या एका शर्यतीत तिघांचा संघ पाठवायचं ठरवलं. कंपन्या-कंपन्यांचीच शर्यत, तिघांनी वाटून पळायची. दोन जागा तरुणांच्या, तिसरी पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसाची. ती तिसरी जागा हिंदुरावांना हवी होती. पुढच्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार, म्हणजे पुन्हा संधी नाही.

“काकू,” लिफ्टची वाट बघताना ते मला म्हणाले, “माझ्या हाताखालून गेलेल्या पिना पार लडाखपर्यंत फिरून येतात. आणि मी मोशीच्या सिग्नलला उभा.”

पूर्वी माझी नात, मुलीची मुलगी. खेळाडूंच्या शरीराचं शास्त्र शिकली आहे. कंपनीने संघाची तयारी तिच्याकडे सोपवली. उंचावर हवा विरळ असते. एकदम जाऊन पळायला लागलं तर माणूस धापा टाकत बसतो, म्हणून शरीराला आधी सवय लावावी लागते. दोन तरुणांना कंपनीने आधी जायला सोडलं, पण तिसरी जागा ठरेपर्यंत बाकीच्यांना शिफ्ट सोडून महिनाभर डोंगरात कोण राहू देणार? तेव्हा पूर्वीने डोंगरच मोशीला आणला. पलंगावर बसेल असा पारदर्शक प्लॅस्टिकचा तंबू, त्याला चेन, आणि बाहेर एक घरघरणारं यंत्र, जे आतली हवा पातळ करतं. यंत्राची कळ फिरवून किती मीटर उंचावर झोपायचं ते ठरवता येतं. असे दोन तंबू आले. एक हिंदुरावांच्या मधल्या खोलीत लागला, दुसरा निघोज्यात ज्ञानदेवच्या बंगल्यात.

ज्ञानदेव हा त्या तिसऱ्या जागेचा दुसरा उमेदवार. निघोज्याचाच. घरची जमीन कारखान्यांत गेली, त्यामुळे पोटापाण्याची काळजी नाही. त्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी करतो ती, त्याच्याच शब्दांत, “घरी बसून कटाळा येतो, तितं बसून येत न्हाई” म्हणून. लहानपणापासून म्हशींमागे धावलेला, त्यामुळे पाय लोखंडी. फक्त ते हलवायला त्याला आवडत नाही.

तंबू आला तेव्हा इमारतीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी विचारलं, डेंग्यूसाठी आहे का. सोसायटीचे सचिव सदाशिवराव स्वतः जिना चढून आले.

“आपल्या इमारतीला परवानगी सात मजल्यांची आहे,” ते म्हणाले. “तुम्ही तीन हजार मीटरवर झोपता असं ऐकलं. त्याचे मजले किती होतात?”

“हजार,” हिंदुराव म्हणाले. त्यांचा हिशेब तयार होता.

“मग मेंटेनन्स?”

मंजुळाबाईंनी तंबूत पाऊल टाकायला साफ नकार दिला. “मी आपली जमिनीवरच बरी,” त्या म्हणाल्या. “दोघंही वर गेलो तर दूध कोण घेईल?” त्यामुळे एकाच घरात नवरा लडाखला आणि बायको मोशीत, अशी झोपायची व्यवस्था झाली.

त्यातून एक प्रकार घडला. गावाहून हिंदुरावांचे चुलतभाऊ साहेबराव यांचा फोन आला. मंजुळाबाई भांडी आवरत होत्या.

“दादा हायत का?”

“ते वर गेले की,” मंजुळाबाई म्हणाल्या.

“कधी?”

“मगाशीच. जेवले आणि गेले.”

फोन ठेवता ठेवता त्यांनी आपण होऊन सांगितलं, “आता सकाळीच बाहेर काढायचं त्यांना.”

सकाळी जीप भरून माणसं आली. दार उघडलं हिंदुरावांनीच, अर्ध्या चड्डीवर आणि छातीला पट्टा बांधून. साहेबराव चौकट धरून खाली बसले. एका म्हाताऱ्या आत्याने मात्र सुरू केलेलं रडणं मध्येच सोडलं नाही. एवढ्या लांबून आलोय तर, असं तिचं मत दिसलं. सगळ्यांना पोहे केले. त्यातले अर्धे माझ्याकडचे.

आता त्या छातीच्या पट्ट्याविषयी. सकाळी जाग आली की अंथरुणातच तो पट्टा लावून शांत पडून राहायचं. मग फोनवर एक आकडा येतो. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी सारखं नसतं, थोडं कमी-जास्त होतं. ते किती कमी-जास्त होतं याचा तो आकडा. माणूस विसावलेला असला की अंतर मोकळेपणी बदलतं आणि आकडा मोठा येतो. माणूस दमला किंवा विरळ हवेने बेजार झाला की ठोके घड्याळासारखे एका मापाने पडायला लागतात आणि आकडा लहान होतो. आकडा नेहमीपेक्षा फार खाली गेला तर त्या दिवशी पळायचं नाही, चांगला आला तर पळायचं. पूर्वीने एवढंच समजावलं होतं. पण समजावताना तंबूचं यंत्र चालू होतं, आणि हिंदुरावांच्या कानात त्यातला एकच शब्द नीट शिरला. व्हेरिएशन.

हा शब्द त्यांच्या कंपनीत भिंतीभिंतीवर लिहिलेला आहे. व्हेरिएशन कमी करा. व्हेरिएशन म्हणजे लाल पेटी. स्वतःच्या छातीत रोज एवढं व्हेरिएशन निघतंय हे कळल्यावर त्यांना दोन रात्री झोप आली नाही, असं मंजुळाबाई म्हणाल्या. तिसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले.

म्हणून त्या गुरुवारी, कंपनीची आठवड्याची सुट्टी साधून, ते आलेख घेऊन माझ्याकडे आले. पूर्वी नुकतीच जेवून उठली होती. त्यांनी टीपॉयवरचा पेपर बाजूला केला, कागद पसरला आणि वर पेन्सिल ठेवली.

“हे बघ, पूर्वी. तंबू आला तेव्हाचं. आज एक, उद्या भलतंच. नुसता धिंगाणा. आणि हा आत्ताचा आठवडा.”

रेघ डावीकडे नाचत होती. उजवीकडे उतरत उतरत तळाशी जाऊन सरळ झाली होती. वरखाली पट्टी धरून लाल रेघांनी मर्यादा आखल्या होत्या.

“काका, तुम्ही काय केलं?”

“कंट्रोलमध्ये आणलं.”

“कसं?”

“सोपं आहे. आकडा वाढला की थांबायचं. आदल्या दिवशी काय वेगळं झालं ते शोधायचं आणि ते बंद करायचं. आकडा कमी आला म्हणजे प्रोसेस बरोबर चाललीय. त्या दिवशी दुप्पट पळायचं.”

“आणि काय काय बंद केलं?”

त्यांनी कागद उलटा केला. मागे कारणं लिहिली होती. भाचीच्या बाळाचं बारसं: जास्त हसलो. गुरुवार: दुपारी झोप लागली. श्रीखंड. मंजुळाबाईंशी गप्पा.

“हे सगळं बंद?”

“हो. गप्पा तशाही कमीच होत्या.”

पूर्वी उठली, आत जाऊन पाणी प्यायली आणि परत आली. “काका, घाटात गाडी चालवणारा माणूस पाय एकाच जागी दाबून ठेवतो का? चढ आला की दाबतो, वळण आलं की सोडतो. हृदयाचं तसंच आहे. तुमचा पाय अडकून बसलाय.”

“गाडीचं मला माहीत नाही,” हिंदुराव म्हणाले. “आमच्याकडे फक्त पिना.”

“बरं. तुमचा आकडा मोठा यायला हवा. लहान नाही.”

“म्हणजे मी रिजेक्ट?”

“रिजेक्ट नाही हो. दमलाय तुम्ही.”

“दमलो असतो तर मला कळलं असतं,” ते म्हणाले, आणि माझ्या सोफ्यावर बसल्या बसल्या झोपले. तिथली हवा साधीच होती.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. सकाळी आकडा तळाशी आला होता, तरी हिंदुराव बूट घालून दारात उभे होते. पटलं होतं, पण अंगवळणी पडलं नव्हतं. पूर्वी पिशवी भरून निघाली होती, ती जिन्यात थांबून त्यांना समजावत होती. मंजुळाबाई दिंडांची ताटली घेऊन माझ्याकडे येत होत्या. त्यांनी दोघांचं थोडा वेळ ऐकून घेतलं.

“अहो, आज आपल्यात काय चिरतात?”

“काहीच नाही.”

“तवा?”

“ठेवत नाहीत. हे काय विचारणं झालं?”

“का ठेवत नाहीत म्हणून कधी विचारलंत? आज पाळायचं म्हणून पाळतो. सापाला लागतं म्हणतात. लागतं का नाही, साप काही सांगायला येत नाही. तुमचं काळीज बिचारं सांगायला तरी येतंय. ते नको म्हणतंय त्या दिवशी पाळा. पळू नका.”

हिंदुरावांनी बूट काढले. शास्त्राने जे झालं नाही ते पाळणुकीने झालं. पूर्वीला ते फारच आवडलं. “पळायचा दिवस आणि पाळायचा दिवस,” ती म्हणाली. “काका, बस. रोज मी एवढंच कळवीन.” तिने लगेच ज्ञानदेवलाही फोन करून हे दोन शब्द समजावले. मग दिंड खाल्लं आणि संघातल्या दोन तरुणांना घेऊन लडाखला गेली.

तिथून फोन लागत नसे. दिवसाकाठी एखादा संदेश जेमतेम जायचा-यायचा. दोघांनी सकाळी आकडा पाठवायचा, तिने एका शब्दात उत्तर द्यायचं, असं ठरलं होतं.

त्यानंतर मी बघतेय तर हिंदुराव रोज पळतायत. सकाळी पळतात, संध्याकाळी पळतात. डोळे आत गेले. लिफ्टमध्ये भेटले की भिंतीला टेकून उभे.

“आजही पळायचाच दिवस?” मी विचारलं.

“वरून ऑर्डर आहे, काकू.”

“नात तुमची कडक आहे हो,” मंजुळाबाई म्हणाल्या. “तिकडं निघोज्यात त्या ज्ञानदेवला म्हणे रोज पाळायला सांगते. तो आठवडाभर खाटेवरून उठला नाही. आमच्यावरच एवढा राग का?”

मला वाईट वाटलं. पूर्वी लहानपणीही माणसं बघून वागायची नाही. पण त्यातलं शास्त्र मला काय कळणार, म्हणून मी मध्ये पडले नाही.

२२ तारखेच्या गुरुवारी निवड चाचणी होती. भंडारा डोंगर पायथ्यापासून वरपर्यंत पळत चढायचा. मिहिर नावाचा कंपनीचा एचआरमधला तरुण घड्याळ आणि चहाचा थर्मास घेऊन वर देवळाशी बसला. तो बसूनच राहिला. वर कुणी आलंच नाही.

ज्ञानदेव घरीच होता. हिंदुराव आले होते, निघालेही होते, पण अर्ध्या वाटेत पाय उचलेनासे झाले. ते कठड्याला टेकून जरा बसले आणि बसल्या जागी झोपले. श्रावणातला गुरुवार, देवाला जाणारी माणसं भरपूर. पांढरी मिशी, मिटलेले डोळे, उघडे गुडघे, छातीला पट्टा. हे काही साधं प्रकरण नव्हे असं कुणाला तरी वाटलं आणि त्याने समोर दोन केळी ठेवली. मग रीतच पडली. जाग आली तेव्हा पुढ्यात केळ्यांचा ढीग, एक नारळ आणि हात जोडून बसलेलं एक जोडपं. मुलाचं लग्न कधी होईल म्हणून ते विचारत होतं. हिंदुरावांनी केळी पाहिली. “एका मापाची नाहीत,” ते म्हणाले. जोडप्याने मान हलवली. मुलींच्या बाबतीत त्यांचाही तोच अनुभव होता म्हणे.

मिहिरने त्याच दुपारी दोघांना कळवलं की जागा आता अकाउंट्समधल्या एकाला द्यावी असं तो सुचवतोय. तो गृहस्थ पळत नाही, पण वेळेवर येतो.

संध्याकाळी मंजुळाबाई केळी वाटत माझ्याकडे आल्या. मागे हिंदुराव. ते खुर्चीत बसले. लिंबू सरबत दिलं, त्यात बी होती, ती त्यांनी तशीच राहू दिली. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

इतक्यात ज्ञानदेव आला. आधी समोर जाऊन कुलूप बघून आला होता. हातात आळंदीच्या पेढ्यांचा पुडा.

“हिंदुराव, मिहिरसायेब तुमच्यावर कशापायी भडकलं? माझ्यावर भडकलं ते ठीक, मी गेलोच न्हाई. पर तुमी तर गेला हुता.”

“तू का नाही आलास?”

“म्याडम म्हणल्या आज पाळा. म्हटलं, चाचणी रद्द झाली आसंल.”

“पाळा कुठे? आज पळा म्हणाली ती.”

“तुमाला पळा म्हणाल्या आसतील. मला पाळा. मला त्या रोजच पाळा म्हणत्यात.”

“मला रोज पळा.”

“मग त्येच म्हणतोय मी,” ज्ञानदेव म्हणाला. “मानसामानसात फरक करत्यात.”

आपल्या नातीविषयी असं ऐकून घेणं मला बरं वाटलं नाही. मी दोघांचे फोन मागितले आणि चष्मा लावून शेजारी शेजारी धरले. पूर्वी मराठी लिहिते, पण इंग्रजी अक्षरांत. दोन्ही फोनवर त्या गुरुवारसाठी एकच शब्द होता: पी, ए, एल, ए. त्याच्या आधीच्या दिवशीही तोच. त्याच्या आधीच्याही. वर सरकवत गेले. दोन आठवडे त्या मुलीने दोघांनाही पी, ए, एल, ए याशिवाय काही लिहिलंच नव्हतं. कधी तिच्या मनात पळा होतं, कधी पाळा. हिंदुरावांनी दर वेळी पळा वाचलं आणि ज्ञानदेवने दर वेळी पाळा.

“ह्यात काना कुठाय?” मी विचारलं.

हिंदुरावांनी फोन घेतला, जवळ धरला, लांब धरला. “म्हणजे मला पाळायला सांगत होती?”

“निम्मे दिवस तरी. तुमचे आकडे बघता जास्तच.”

“आन् मला पळायला?” ज्ञानदेवचा चेहरा उतरला. “आरारा. पंधरवडा लईच ग्वाड गेला की वो माझा, मावशी.”

मंजुळाबाई हसायला लागल्या त्या पदर तोंडाला लावूनही थांबेनात. हिंदुराव मात्र सरळ बसले. “हा मेजरमेंट एरर आहे, काकू,” ते म्हणाले. “पार्टमध्ये दोष नाही. मापायचं गेजच चुकीचं.” मग सरबतातली बी काढून बशीत ठेवली.

मी पूर्वीला लांब संदेश लिहिला, देवनागरीत, पूर्णविरामांसह. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. त्यात पहिल्यांदा फक्त रडक्या-हसऱ्या चेहऱ्यांची रांग होती, आणि खाली देवनागरीत, बहुधा फार कष्टाने: ‘आजी माजी चुक. मिहिरला कळवते.’ शुद्धलेखनाचं मी तेव्हा काही बोलले नाही. मिहिरने कुरकुर करत पुढचा गुरुवार दिला. अकाउंट्सचे गृहस्थ सुटल्यासारखे झाले असं नंतर कळलं.

त्या आठवड्यात हिंदुरावांना लागोपाठ ‘पाळा’ आलं, काना ठळक. पण पाळायचं म्हणजे नक्की काय करायचं ते त्यांना येईना. ते बसत, आणि बसल्या बसल्या डब्यांची झाकणं तपासत. मग ज्ञानदेवच त्यांना शिकवायला यायला लागला. जागा एक आणि माणसं दोन, याची मी त्याला आठवण करून दिली. “व्हय की,” तो म्हणाला. “पर चुकीच्या वाचण्यानं जिंकलं तर गावात हसत्याल.”

दुपारी समोरचं दार उघडं असायचं, त्यामुळे शिकवणी मला ऐकू यायची.

“राव, पाय लांब करा.”

“केले.”

“आता काय करताय?”

“पंख्याचे फेरे मोजतोय.”

“मोजायचं न्हाई. बगायचं बी न्हाई. पंखा फिरतोय त्यो त्याच्या मर्जीनं.”

“एक पातं जरा खाली आहे, ज्ञानदेव.”

“आसू दे.”

मग हिंदुरावांचा आवाज, हळू: “किती खाली ते बघू का?”

“राव, झोपा.”

बंद केलेली सगळी कारणं परत सुरू करायची, असा पूर्वीचा हुकूम होता. मंजुळाबाईंनी श्रीखंड केलं. भाचीला बाळासकट बोलावलं. हसण्यासाठी ज्ञानदेव निघोज्यातल्या म्हशींच्या गोष्टी सांगायचा. पहिल्या दोन गोष्टींना हिंदुरावांनी ‘असं होऊ शकत नाही’ म्हटलं, तिसरीला हसले. गप्पांचं काय झालं ते मला माहीत नाही, पण एका संध्याकाळी नवरा-बायको आमच्या गच्चीवर बोलत बसले होते आणि मंजुळाबाईंचं दूध उतू गेल्याचा वास थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. आकडा चढायला लागला. रोज वेगळा यायचा. हिंदुराव तो बघून डोळे मिटायचे आणि पाठवून द्यायचे. दोन दिवस ‘पळा’ आलं, तेव्हा त्यांनी बदल्यात ज्ञानदेवला निघोज्यातून हुसकून बाहेर काढलं आणि इंद्रायणीच्या कडेने आळंदीपर्यंत पळवलं. आळंदीहून ज्ञानदेव रिक्षाने परतला.

दुसऱ्या गुरुवारी दोघंही वर पोहोचले. मिहिर सांगतो की पहिला ज्ञानदेव आला. लोखंडी पाय आणि पंधरवड्याची झोप. त्याच्या मागून, फार नाही, हिंदुराव. मिहिरने वेळ लिहिली आणि ज्ञानदेवचं अभिनंदनही करून टाकलं. ज्ञानदेव आडवा पडूनच म्हणाला की त्याला कुणी खाली नेलं तर बरं होईल.

हिंदुराव घरी आले, आंघोळ केली, माझ्याकडे आले. “हरलो, काकू,” ते म्हणाले. “फरक अगदी थोडा होता. पण फरक तो फरक.” आयुष्यभर त्यांनी हेच दुसऱ्यांना सांगितलं होतं. मी त्यांना चकली दिली. ती त्यांनी न बघता खाल्ली.

पण पूर्वीने मिहिरला कळवलं की निवड अजून व्हायची आहे. उंचावर एक दिवस पळून भागत नाही. तिथे पोहोचल्यावर सराव, मग शर्यत. दमलेलं शरीर रात्रीत किती सावरतं ते महत्त्वाचं. रात्री दोघांनी आपापल्या तंबूत झोपायचं, आणि शुक्रवारी सकाळी ज्याचा आकडा त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या जागी परत आलेला असेल, तो येईल.

शुक्रवारी दूध घ्यायला दार उघडलं तर समोरचे दोघंही दारातच उभे. हिंदुराव पट्टा लावून, मंजुळाबाई फोन धरून. आकडा पाठवला होता. उत्तर यायचं होतं.

“किती आला?” मी विचारलं.

“मी बघितलाच नाही,” हिंदुराव म्हणाले. “हिने पाठवला.”

“मला त्यातलं कळत नाही,” मंजुळाबाई म्हणाल्या. “कालच्या आधी होता तसाच काहीतरी आहे. जरा कमी. का जरा जास्त.”

“कमी की जास्त?”

“तुम्हाला काय करायचंय?”

निघोज्याहून फोन आला. ज्ञानदेवचा आकडा पार तळाला गेला होता आणि उत्तरही आलं होतं. “पाळा,” तो म्हणाला. आवाजात दुःख जाणवलं नाही. “काना हाय, राव. दोनदा बगितला. आख्खा आठवडा पाळा म्हणत्यात.”

मग मंजुळाबाईंच्या हातातला फोन वाजला. त्यांनी तो हिंदुरावांना दिला, हिंदुरावांनी माझ्याकडे दिला; चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. मी वाचलं.

“पळा,” मी म्हणाले. “काना नाही. आणि खाली लिहिलंय, तिकिट काढतेय. तिकीटमधली दुसरी वेलांटी ऱ्हस्व दिलीय, पण तिकीट आहे.”

हिंदुरावांनी फोन माझ्याकडून घेतला आणि अक्षरावरून अंगठा फिरवून बघितला, पिनेवरून फिरवतात तसा. मग बायकोला विचारलं, “लोकरीचं काही आहे का आपल्याकडे?”

“साहेबरावांची कानटोपी राहिलीय इथं,” मंजुळाबाई म्हणाल्या, आणि ती शोधायला आत गेल्या.

संध्याकाळी रोजच्यासारखी नोंद केली. शुक्रवार, ३० ऑगस्ट. हिंदुरावांचं लडाखचं नक्की झालं. मिक्सरचं मोठं भांडं दुरुस्त होऊन आलं. झाकण दुसऱ्याच कुणाचं तरी आहे.